मालक कोण, याआधी जमीन आली कशी ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघे भाऊ मिळून गावाकडे दोन एकर शेत घेत आहेत. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नाव आहे, पण भूधारणा पद्धतीत ‘भोगवटादार वर्ग २’ आणि इतर अधिकारात ‘कु. का. क. ४३ च्या बंधनास पात्र’ (म्हणजे कुळ कायद्याचं कलम ४३) अशी ओळ आहे. विकणारा म्हणतो, तीस वर्षं मीच कसतोय, मालक मीच. त्यातच आईने राहतं घर धाकट्याच्या नावे बक्षीसपत्र करून द्यायचं मनावर घेतलं आहे. तेव्हा मालकी किती प्रकारची असते, आणि एकदा मिळालेली मालकी कशाने जाते?

मी अठ्ठावीस वर्षं तालुक्याच्या ठिकाणी महसुली आणि दिवाणी दावे चालवतो. पहिली गोष्ट सांगतो: विकणारा खोटं बोलत नाही. तो मालकच आहे. त्याची मुलं वारस होतील, पीक त्याचं, बांधावरचं आंब्याचं झाड त्याचं. फक्त ती जमीन त्याला ज्या वाटेने मिळाली, त्या वाटेवर कायद्याने एक शर्त घातली आहे. ती शर्त माणसाला चिकटलेली नाही, जमिनीला चिकटलेली आहे. तुम्ही जमीन घेतलीत की शर्तही घेतलीत. म्हणून माझ्याकडे कोणी खरेदीचे कागद घेऊन आलं, की मालक कोण हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, जमीन आली कशी?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २९ मध्ये सरकारकडून जमीन धारण करणाऱ्यांचे वर्ग सांगितले आहेत. भोगवटादार वर्ग १ म्हणजे कायमची आणि हस्तांतरणावर बंधन नसलेली धारणा, जिला गावात ‘जुनी शर्त’ म्हणतात. वर्ग २ मध्येही धारणा कायमचीच, पण विकण्या-देण्यावर बंधन. ही ‘नवीन शर्त’, जुन्या फेरफारांत (मालकी बदलल्याच्या नोंदींत) ‘नवीन व अविभाज्य शर्त’. तिसरा सरकारी पट्टेदार, म्हणजे मुदतीपुरता भाडेपट्ट्यावर बसलेला. विदर्भातल्या वाचकांनी आजोबांच्या कागदांवर ‘भूमिस्वामी’ आणि ‘भूमिधारी’ हे शब्द पाहिले असतील. संहिता आल्यावर भूमिस्वामी वर्ग १ मध्ये गेले आणि भूमिधारी वर्ग २ मध्ये. एवढं मात्र लक्षात ठेवा, की सातबारा हा मुळात महसूल वसुलीचा अभिलेख आहे. कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. मालकीचा पुरावा खरेदीखतात, वाटणीपत्रात, प्रमाणपत्रात किंवा हुकुमात असतो आणि सातबारा त्याची सावली असतो.

आता खरा घोळ इथे आहे. ‘वर्ग २’ या दोन शब्दांखाली निदान डझनभर वेगवेगळ्या जमिनी आहेत आणि प्रत्येकीची शर्त वेगळी. कुळाची, वतनाची, सिलिंगमधून (कमाल जमीनधारणेच्या मर्यादेवरची काढून घेऊन) वाटलेली, माजी सैनिकाला दिलेली, धरणग्रस्ताला दिलेली, भूदानाची. सातबारा या सगळ्यांना एकच शिक्का मारतो. नेमका प्रकार कळण्यासाठी तलाठी कार्यालयात गाव नमुना १ क पाहावा लागतो, कारण वर्ग २ च्या जमिनींची प्रकारवार नोंद तिथे असते. तो नमुना न पाहता विसार देणारे लोक मी दर महिन्याला पाहतो. फार वाईट वाटतं, कारण तो बघायला अर्धा तास लागतो.

तुमची जमीन कुळाची, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याला मिळालेली आहे, तेव्हा तीच आधी सविस्तर पाहू. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ मध्ये पुढे केलेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानेच जमिनीचा खरेदीदार मानलं गेलं. मालकी कशाने संपते, याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे नाही. कोणी सही केली नाही, खरेदीखत झालं नाही, आणि तरी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या हजारो जमीनमालकांची मालकी एका तारखेला कायद्याने कुळाकडे गेली. पुढे कलम ३२ ग खाली किंमत ठरायची, कूळ ती हप्त्यांनी भरायचं, आणि सगळी भरली की ३२ म चं प्रमाणपत्र मिळायचं. मूळ मालक विधवा, अज्ञान (अल्पवयीन), किंवा शारीरिक वा मानसिक दृष्ट्या असमर्थ असेल तर ३२ फ प्रमाणे हा दिवस पुढे ढकलला जायचा. आजही कुळाचे जे दावे चालतात, त्यातले बरेचसे याच अपवादातून उगवलेले आहेत. मालकीण तेव्हा विधवा होती का, ती वारली कधी, त्यानंतर कुळाने मुदतीत नोटीस दिली का, असे प्रश्न तिसऱ्या पिढीला सोडवावे लागतात.

अशी मिळालेली जमीन कुळाने सावकाराच्या किंवा दलालाच्या घशात घालू नये, म्हणून कलम ४३ आलं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा, वाटणीसुद्धा नाही. वारसाने जमीन मुलांकडे जाणं याला आडकाठी नाही, कारण वारसा म्हणजे हस्तांतरण नव्हे. पीककर्जासाठी बँकेकडे किंवा सोसायटीकडे तारण ठेवण्याची सोय कायद्यात वेगळी आहे.

मग तुमचा व्यवहार होतो का? होऊ शकतो, आणि बहुधा तुम्हाला वाटतं त्याहून सोपा आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाने जमीन खरेदी केल्याला दहा वर्षं झाली असतील तर परवानगीची गरज राहिली नाही. आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या वार्षिक शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा सरकारात भरायचा. समजा दोन एकरांचा आकार सव्वाचार रुपये आहे, तर नजराणा होतो १७० रुपये. मात्र घेणारा शेतकरी हवा, घेतल्यावर त्याची एकूण जमीन सिलिंगच्या मर्यादेत हवी (कोरडवाहूला ती ५४ एकर आहे), आणि तुकडेबंदीचा (ठरल्यापेक्षा लहान तुकडे न पाडण्याच्या नियमाचा) भंग होता कामा नये. तुम्ही दोघेही भाऊ शेतकरी आहात ना, हे आताच तपासा. एकाचंच नाव वडिलोपार्जित सातबाऱ्यावर असेल आणि दुसऱ्याने हक्कसोडपत्र देऊन टाकलं असेल, तर शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून तो दुसरा काय दाखवणार? कुळ कायद्याचं कलम ६३ बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही.

विकणाऱ्याकडे ३२ म चं प्रमाणपत्र आणि त्याचा फेरफार मागा. ‘आजोबांच्या वेळचं आहे, सापडत नाही’ असं उत्तर आलं तर तहसील कार्यालयातून नक्कल काढायला सांगा. कारण कधीकधी प्रमाणपत्र हरवलेलं नसतं, ते निघालेलंच नसतं. आजोबांनी दोन हप्ते भरून पुढचे थकवलेले असतात. अशा वेळी खरेदीच पुरी झालेली नसते आणि दहा वर्षं मोजायला सुरुवातच झालेली नसते. कलम ४३ मोडून घेतलेली जमीन कलम ८४ क च्या चौकशीत सापडली, तर व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. विकणाऱ्याने पैसे खर्च केलेले असतात, तुम्ही विहीर खोदलेली असते, आणि जमीन दोघांचीही उरत नाही.

तुमच्या जमिनीची शर्त अशी सौम्य आहे. शेजारच्या गटावरही ‘वर्ग २’ असेल, पण तो वतनाचा असेल, तर सगळं वेगळं होतं. वतन म्हणजे गावाची किंवा सरकारची चाकरी करायची आणि त्याबदल्यात जमीन खायची. १८७४ च्या वतन कायद्याने हे गणित बांधून ठेवलं होतं. महार वतनात चाकरीला वेळकाळ नव्हता आणि जमीन पोट भरण्यापुरतीही नव्हती. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच जाचापायी. पुढे कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, आणि आकाराच्या तिप्पट रक्कम भरून घेऊन जमिनी त्याच घराण्यांना पुन्हा देण्याची, म्हणजे ‘रीग्रँट’ची तरतूद झाली. कित्येकांना हे कळलंच नाही. कळलं त्यांच्याकडे रक्कम नव्हती. जमीन कसत राहिले, कागद सरकारच्या नावे राहिला. २००२ मध्ये इतर बहुतेक वतन-इनाम जमिनी शेतीसाठी विकायला परवानगीची अट सैल झाली, पण महार वतन आणि देवस्थान इनाम यांना त्यातून वगळलं. तेव्हा महार वतनाची जमीन ‘साठेखत (पुढे विकण्याचा करार) करून ठेवा, परवानगी नंतर आणू’ असं म्हणून कोणी देऊ केली तर घेऊ नका. हे मी फक्त तुमचे पैसे बुडतील म्हणून सांगत नाही. या जमिनी शहरांच्या कडेला आहेत, त्यांचा भाव कोटींत गेला आहे, आणि मूळ घराण्याला कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेऊन काही हजारांत वाटेला लावल्याचे कागद मी स्वतः हाताळले आहेत. शर्त त्या घराण्यासाठी आहे. मोडणाऱ्याच्या बाजूने मी उभा राहत नाही.

देवस्थान इनामाचा मालक देव. पुजारी, गुरव, मुजावर हे वहिवाटदार. त्यांच्या तीन पिढ्या सातबाऱ्यावर असल्या तरी त्यांना विकण्याचा अधिकार येत नाही.

आदिवासी खातेदाराच्या जमिनीबाबत संहितेची कलमं ३६ आणि ३६ अ वाचा. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि त्याआधी राज्य शासनाची मान्यता लागते. त्याआधी, १ एप्रिल १९५७ पासून झालेल्या हस्तांतरणांसाठी जमिनी परत देण्याचा वेगळा कायदा केला गेला. पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोली भागात जमीन पाहत असाल तर सध्याचा मालक आदिवासी नाही एवढ्यावर समाधान मानू नका. १९५७ पासूनचे सगळे फेरफार उतरत्या क्रमाने लावून बघा. मधल्या एका फेरफारात आदिवासीचं नाव कमी झालेलं सापडलं, तर पुढची सगळी खरेदीखतं त्या एका ओळीवर लटकलेली आहेत.

सरकारने दिलेल्या जमिनींवर हुकुमातच अटी असतात: अमुक वर्षांत बांधकाम करा, शाळेसाठी दिली तर शाळाच चालवा, परवानगीशिवाय विकू नका. अट मोडली की ‘शर्तभंग’. शर्तभंग झाला म्हणून दुसऱ्या दिवशी जमीन जात नाही. नोटीस येते, म्हणणं मांडता येतं, जिल्हाधिकारी हुकूम करतात, तो अपिलात जातो. पण हक्क संपल्याचा हुकूम कायम झाला, तर संहितेच्या कलम ५३ खाली थोडक्या चौकशीत कब्जा काढून घेता येतो. बरेच शर्तभंग नजराणा आणि दंड भरून नियमित होतात. २०१८ मध्ये कलम २९ अ आलं आणि २०१९ च्या नियमांनी वर्ग २ व भाडेपट्ट्याच्या काही जमिनी अधिमूल्य भरून वर्ग १ करण्याची वाट उघडली. दर जमिनीच्या प्रकारावर ठरतात आणि ते बदलले आहेत, म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यातला दर कार्यालयातून लेखी घ्या. मोबाईलवर फिरणाऱ्या तक्त्यावर हिशेब करू नका.

आतापर्यंतच्या शर्ती सरकारने घातलेल्या. माणसंही एकमेकांना शर्त घालून मालकी देतात आणि तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागतो. ‘ही जमीन कधीही, कोणालाही विकायची नाही’ असं खरेदीखतात लिहिलं तर कलम १० प्रमाणे ती अटच रद्द आणि खरेदी चांगली. पण एखादी घटना घडली तर हक्क संपेल, असं कलम ३१ खाली ठरवता येतं. कायद्याने स्वतःच दिलेलं उदाहरण सुंदर आहे: एकाने दुसऱ्याला हयातीपुरतं शेत दिलं आणि म्हटलं, अमुक राई तोडलीस तर हे देणं संपलं. त्याने राई तोडली. शेत गेलं. आपल्याकडे गावोगाव शाळेला, दवाखान्याला, समाजमंदिराला जमिनी दिलेल्या असतात आणि तोंडी बोललेलं असतं, ‘शाळा बंद पडली तर परत द्यायची’. तोंडी बोललेलं बक्षीसपत्रात नसेल तर परत मिळत नाही. लिहायचंच असेल तर घटना स्पष्ट लिहा, ती देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून ठेवू नका, आणि घेणारा सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांचा विषय आधीच बोलून घ्या.

भाडेपट्टा ही मुदतीची मालकी. मुंबईत ९९ आणि ९९९ वर्षांचे पट्टे आहेत, नवी मुंबईत सिडकोचे ६० वर्षांचे. ६० वर्षांच्या पट्ट्यातली चाळीस वर्षं संपलेली सदनिका आणि पाच वर्षं संपलेली सदनिका यांचा भाव एकच सांगितला जात असेल, तर पट्टा वाचा. भाडं थकल्याने पट्टा जप्त होत असेल तर कलम ११४ प्रमाणे थकबाकी, व्याज आणि खर्च भरून न्यायालयाकडे दिलासा मागता येतो. वापर बदलल्यासारखा भंग असेल तर आधी लेखी नोटीस देऊन तो दुरुस्त करण्याची संधी द्यावी लागते.

फ्लॅटबद्दल थोडक्यात. सहकारी गृहनिर्माण संस्थेत तुम्ही भाग (शेअर) आणि त्यासोबत राहण्याचा हक्क धारण करता; जमीन आणि इमारत संस्थेची, तीही हस्तांतरणपत्र झालं असेल तर. १९६३ च्या मोफा (मालकी सदनिकांच्या) कायद्याने बिल्डरवर ते करून देण्याची जबाबदारी आहे, आणि तो टाळत असेल तर २००८ च्या दुरुस्तीनंतर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय हस्तांतरण, मिळवता येतं. १९७० च्या अपार्टमेंट कायद्यात मात्र सदनिका तुमच्या मालकीची आणि जमिनीत अविभक्त हिस्सा. नामनिर्देशन केलेला माणूस वारस होत नाही, हे इथेच सांगून ठेवतो. भावंडांमधले निम्मे तंटे त्या गैरसमजातून येतात.

मालकी जाण्याची एक मूक वाटही आहे. तुमच्या जागेवर दुसरा माणूस उघडपणे, तुमची मालकी नाकारून बारा वर्षं बसला आणि तुम्ही दावा केला नाहीत, तर मुदत कायदा, १९६३ च्या कलम २७ प्रमाणे तुमचा हक्कच संपतो. सरकारी जमिनीला हीच मुदत ३० वर्षं. तुमच्या परवानगीने राहणाऱ्याला, भाडेकरूला किंवा सहहिस्सेदाराला नुसत्या वर्षांच्या जोरावर हे म्हणता येत नाही. परदेशात नोकरी करणारे लोक गावची जागा चुलतभावाच्या भरवशावर सोडतात. त्यांनी वर्षातून एकदा तरी जागेवर जाऊन यावं, सातबारा काढावा, आणि कोणाला वापरायला दिली असेल तर तसा साधा कागद करून ठेवावा.

आता आईच्या घराकडे येतो, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्तात होतंय म्हणून आया बक्षीसपत्रं करून टाकतात. बक्षीसपत्र नोंदलं, स्वीकारलं की मालकी गेली. नंतर मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ अशी अट ठेवून दिलेलं बक्षीसच रद्द ठरतं. माझ्याकडे सत्तरीच्या एक बाई आल्या होत्या. घर धाकट्या मुलाला दिलेलं, सून-मुलगा जेवायला वाढत नव्हते. बक्षीसपत्रात एकच कारण लिहिलेलं होतं, ‘प्रेमापोटी’. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास रद्द करून मागता येते आणि अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालतो. पण अट होती हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच म्हटलं. २०२५ च्या जानेवारीत एका आईच्या बाजूने निकाल देताना न्यायालयाने कायदा उदारपणे वाचला, पण त्या प्रकरणातही सांभाळाचा उल्लेख कागदावर होता. माझ्या त्या बाईंच्या कागदावर ‘प्रेमापोटी’ एवढंच होतं. आमचा अर्ज फेटाळला गेला.

शिवाय आईचं घर तिला कसं मिळालं, हे इथेही विचारा. नवऱ्याच्या पश्चात वारसाने किंवा पोटगीपोटी मिळालं असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४(१) ने ती पूर्ण मालक. पण वडिलांच्या मृत्युपत्रात ‘पत्नीने हयातभर राहावे, नंतर दोन्ही मुलांना समान’ असं असेल, तर १४(२) लागू शकतं, आणि मग तिला फक्त हयातीपुरता हक्क. जे आपलं नाही ते ती धाकट्याला देऊ शकणार नाही. वडिलांचे कागद एकदा पेटीतून काढून वाचा.

घर तिचंच पूर्ण असेल तर माझा सल्ला बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्राचा आहे. ते ती कितीही वेळा बदलू शकते आणि शेवटच्या श्वासापर्यंत घर तिचंच राहतं. बक्षीसपत्रच करायचा हट्ट असेल तर त्यात दोन गोष्टी घाला: हयातभर त्या घरात राहण्याचा तिचा हक्क, आणि अन्न, औषधपाणी, देखभाल मुलाने करायची ही अट, ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा उल्लेख करून. हक्क राखून दिलेलं बक्षीस चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मसुदा धाकट्याच्या ओळखीच्या वकिलाकडून करून घेऊ नका. आईला एकटीला बसवून, तिच्या भाषेत, मोठ्याने वाचून दाखवणारा वकील बघा.